बदनाम खेळाचा इतिहास कसा वाचावा? ‘सुपरमॅन ६४’ : एक अभ्यास



इतिहासाच्या पुस्तकांत आपल्याला बहुतेक वेळा यशाच्या गोष्टी भेटतात: जिंकलेल्या लढाया, टिकून राहिलेल्या वास्तू, गाजलेले ग्रंथ, चालून गेलेले शोध. फसलेल्या गोष्टींच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. या पाठात आपण मुद्दाम उलट्या बाजूने जाणार आहोत. १९९९ साली बाजारात आलेला आणि आजही ‘आजवरचा सर्वांत वाईट खेळ’ अशा याद्यांमध्ये हमखास दिसणारा एक व्हिडिओ गेम आपण अभ्यासासाठी घेतला आहे. त्याचे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव ‘सुपरमॅन ६४’.

तुमच्यापैकी काहींनी या खेळाची टिंगल करणारे व्हिडिओ पाहिले असतील. तो प्रत्यक्ष खेळलेले विद्यार्थी मात्र फार थोडे असतील. आपला अभ्यास नेमका याच फटीतून सुरू होतो. एखादी वस्तू वाईट आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण ती वाईट का झाली हे ठाऊक नसते. ‘वाईट’ हा निकाल आहे, ते कारण नव्हे. निकालापासून मागे चालत कारणांपर्यंत पोहोचणे हे इतिहासकाराचे काम आहे.

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात:
१) परवान्यावर तयार होणाऱ्या सांस्कृतिक वस्तूंची घडण समजून घेणे.
२) तांत्रिक, आर्थिक आणि कलात्मक कारणे वेगवेगळी करून तपासणे.
३) समकालीन समीक्षा, नंतरच्या मुलाखती आणि प्रत्यक्ष वस्तू या तीन प्रकारच्या साधनांची तुलना करणे.
४) तुलनात्मक पद्धत वापरून एखाद्या स्पष्टीकरणाची कसोटी घेणे.

१. सुपरमॅन : पात्र आणि मालमत्ता

सुरुवात खेळापासून नव्हे, पात्रापासून करू. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात छापला गेला. त्या कथेसह पात्राचे हक्क प्रकाशकाने १३० डॉलरमध्ये विकत घेतले. पुढे सुपरमॅनवर रेडिओ मालिका, चित्रपट, दूरदर्शन मालिका आणि असंख्य खेळणी निघाली. निर्माते मात्र अनेक वर्षे नावाला आणि मोबदल्याला वंचित राहिले. १९७५ मध्ये वॉर्नर कंपनीने दोघांना निवृत्तिवेतन देऊ केले आणि निर्माते म्हणून त्यांचे नाव पुन्हा लावायचे मान्य केले.

हा तपशील इथे का सांगितला? कारण सुपरमॅन हे पात्र जवळजवळ जन्मापासूनच एक मालमत्ता आहे. मालक एक, वापरणारा दुसरा आणि मध्ये परवाना, अशी ही रचना आहे. परवाना म्हणजे मालकाने ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक अटींवर आणि ठरावीक रकमेला दिलेली वापराची मुभा. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ही कल्पना लगेच समजेल. घर वापरता येते, पण भिंत पाडायची तर मालकाला विचारावे लागते.

दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे सुपरमॅनची शक्ती. तो उडतो, त्याला गोळी लागत नाही, तो भिंतीपलीकडचे पाहतो. असा नायक कथेत रंगवणे अवघड असते, कारण त्याला धोका कशाचा? त्याला दुबळे करणारे क्रिप्टोनाइट हे द्रव्य मूळ चित्रकथेतून आलेले नाही. ते १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत प्रथम आले आणि नंतर चित्रकथेत रुजले. म्हणजे पात्र एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेले की त्याच्या शक्तीला कुठेतरी लगाम घालावा लागतो, हा अनुभव जुना आहे.

व्हिडिओ गेममध्ये ही अडचण आणखी तीव्र होते. हरण्याची शक्यता नसेल तर तो खेळच राहत नाही. १९७९ मध्ये अटारी २६०० या यंत्रासाठी जॉन डन यांनी सुपरमॅनचा खेळ तयार केला. परिचित पात्राच्या परवान्यावर निघालेल्या अगदी सुरुवातीच्या खेळांपैकी तो एक. अटारी १९७६ पासून वॉर्नरच्याच मालकीची होती आणि सुपरमॅनचे हक्कही वॉर्नरकडेच होते, त्यामुळे हा व्यवहार घरातल्या घरात झाला. त्या खेळात क्रिप्टोनाइटचा स्पर्श झाला की सुपरमॅनची उडण्याची शक्ती जाते आणि लोइस लेन भेटल्यावर ती परत येते. साधा नियम, पण शक्ती आणि धोका यांचा मेळ त्यात बसला होता.

२. मालिका आणि कंपनी

आता १९९० च्या दशकात येऊ. वॉर्नरच्या ॲनिमेशन विभागाने १९९२ मध्ये बॅटमॅनवर एक कार्टून मालिका काढली आणि ती फार गाजली. त्याच मंडळींनी, म्हणजे ब्रूस टिम, पॉल डिनी, ॲलन बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सप्टेंबर १९९६ मध्ये सुपरमॅनची मालिका सुरू केली. ती फेब्रुवारी २००० पर्यंत चालली आणि तिचे ५४ भाग झाले. मोजक्या रेषा, सपाट रंग, कोनदार बांधणीची माणसे आणि उंच इमारतींचे चकचकीत मेट्रोपोलिस शहर ही या मालिकेची ओळख होती. आपला खेळ या मालिकेवर आधारलेला आहे.

खेळ तयार करणारी टायटस ही फ्रान्समधील कंपनी एरिक आणि हर्वे या दोन भावांनी १९८५ मध्ये सुरू केली होती. १९९० च्या सुमारास घरगुती संगणकांसाठी तिने काढलेले ‘प्रीहिस्टॉरिक’ आणि ‘द ब्लूज ब्रदर्स’ यांसारखे खेळ युरोपात परिचित होते. याच कार्टून मालिकेवरचा एक छोटा खेळ टायटसने १९९७ मध्ये गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रासाठी काढला होता. म्हणजे कंपनी अगदी नवखी नव्हती, आणि हे पात्रही तिला नवीन नव्हते. नवीन होते ते निन्टेन्डो ६४ वर सुपरमॅनसाठी संपूर्ण त्रिमितीय शहर उभे करण्याचे काम.

३. खेळात होते काय?

१९९९ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत आणि त्याच उन्हाळ्यात युरोपात हा खेळ विक्रीला आला. कथा अशी: खलनायक लेक्स लूथरने मेट्रोपोलिसची एक आभासी प्रतिकृती तयार केली आहे. सुपरमॅनचे मित्र लोइस लेन, जिमी ओल्सन आणि प्राध्यापक हॅमिल्टन त्या आभासी जगात अडकले आहेत. सुपरमॅनने आत शिरून त्यांना सोडवायचे आहे.

खेळ सुरू होताच खेळाडूला हवेत तरंगणारी वलये दिसतात. ठरलेल्या वेळेत, एकामागून एक, त्या वलयांमधून उडत जायचे. ते झाले की एखादे छोटे काम, उदाहरणार्थ पादचाऱ्यांच्या अंगावर येणारी मोटार उचलून बाजूला करणे. मग पुन्हा वलये. मधल्या टप्प्यांत इमारतींच्या आत फिरणे, कुलपे उघडणे, शत्रूंशी झुंजणे. दृष्टीतून निघणारा ताप, फुंकर, भिंतीपलीकडे पाहण्याची नजर या शक्ती सुपरमॅनकडे कायम नसतात. त्या वस्तूंच्या रूपात गोळा कराव्या लागतात आणि वापरल्या की संपतात.

अंमलबजावणीत दोष होते, ही गोष्ट वादाची नाही. कंट्रोलरला दिलेल्या इशाऱ्याला सुपरमॅन धड प्रतिसाद देत नाही. तो भिंतींत अडकतो किंवा त्यांच्यात घुसतो. कॅमेरा भलतीकडेच वळतो. शहरावर सतत हिरवट धुके असते आणि चार इमारतींपलीकडे काही दिसत नाही. समकालीन समीक्षकांनी खेळाला धारेवर धरले. गेमस्पॉटने १० पैकी १.३ गुण दिले, तर आयजीएनने ३.४.

बहुतेक लेख इथे थांबतात. आपला अभ्यास इथून पुढे जातो.

४. पहिले कारण : यंत्राची मर्यादा

निन्टेन्डो ६४ हे यंत्र १९९६ मध्ये आले. त्याच्या प्रोसेसरचा वेग ९३.७५ मेगाहर्ट्झ होता आणि मूळ स्मृती ४ मेगाबाइट होती. तुमच्या मोबाइलवर काढलेला एक फोटो बऱ्याचदा एवढी जागा घेतो. त्या ४ मेगाबाइटमध्ये शहर, पात्रे, हालचाली, आवाज आणि खेळाचे नियम हे सगळे एकाच वेळी मावायला हवे. इमारतींच्या भिंतींवर चढवायच्या चित्रांसाठी, म्हणजे ज्यांना टेक्श्चर म्हणतात त्यांच्यासाठी, राखीव जागा तर फक्त ४ किलोबाइट होती.

अशा यंत्रावर दूरपर्यंत पसरलेले शहर एकाच वेळी दाखवणे अशक्यप्राय होते. म्हणून त्या काळातले अनेक खेळ धुक्याचा आधार घेत. दूरचा भाग धुक्यात झाकायचा, म्हणजे यंत्राला तो रंगवावा लागत नाही. ‘सुपरमॅन ६४’मध्येही हेच केले गेले, मात्र त्याला कथेचा मुलामा दिला गेला: हे लूथरने सोडलेले क्रिप्टोनाइटचे धुके आहे, असे खेळाडूला सांगण्यात आले. इतिहासकारासाठी हा तपशील मोलाचा आहे. स्मृतीची टंचाई इथे कथानक होऊन समोर येते. एखाद्या जुन्या वाड्यात मधेच खांब दिसला तर तो शोभेचा आहे की छताचा भार पेलतो आहे हे आपण तपासतो. खेळातले धुके तसेच तपासायचे असते.

दुसरी मर्यादा साठवणुकीची. निन्टेन्डो ६४ चे खेळ कार्ट्रिजवर येत. आपल्याकडच्या मुलांनी अशा डब्यांना सरसकट ‘कॅसेट’ म्हटले. सीडीच्या तुलनेत कार्ट्रिज महाग पडे आणि त्यात जागा कमी असे. शिवाय आज इंटरनेटवरून येणारी दुरुस्ती तेव्हा मिळत नसे. कार्ट्रिज कारखान्यातून बाहेर पडले की त्यातली चूक कायमची.

तरीही इथे सावध राहा. याच यंत्रावर त्याच काळात उत्तम खेळ निघाले. मर्यादा सगळ्यांना सारखी होती, म्हणून एकटी मर्यादा हे पुरेसे कारण होऊ शकत नाही. धुके का आहे हे तिच्यावरून समजते, सुपरमॅन भिंतीत का अडकतो हे समजत नाही.

५. दुसरे कारण : परवान्याच्या अटी

खेळ निघाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी टायटसच्या संस्थापकांपैकी एरिक यांनी मुलाखतींमध्ये आपली बाजू मांडली. त्यांच्या सांगण्याचा आशय असा: मूळ आराखडा बराच मोठा होता. पण पात्राच्या हक्कधारकांकडून प्रत्येक गोष्टीला मंजुरी घ्यावी लागे आणि त्यात महिने जात. सुपरमॅन खऱ्या माणसांना मारताना दिसता कामा नये, अशीही अपेक्षा होती. म्हणूनच सगळी कथा आभासी जगात घडवावी लागली.

ही साक्ष कशी वाचायची? तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: बोलणारा कोण आहे? ज्याच्या कंपनीवर टीका झाली तोच बोलतो आहे. दोष बाहेर ढकलण्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक आहे. म्हणून साक्ष फेकून द्यायची नाही, पण एकटीवर विसंबायचेही नाही.

दुसरा प्रश्न: कधी बोलतो आहे? घटनेनंतर अनेक वर्षांनी, खेळाची बदनामी पक्की झाल्यावर. स्मृती अशा वेळी निकालाच्या दिशेने झुकते.

तिसरा प्रश्न: वस्तू त्याला दुजोरा देते का? इथे खेळ स्वतःच साधन ठरतो. कथा खरोखर आभासी शहरात घडते, हे आपण पाहिले. माणसांवरच्या हिंसेबद्दलची अट आणि कथेची ही रचना एकमेकांशी जुळतात. म्हणजे साक्षीचा तेवढा भाग विश्वासार्ह मानायला आधार मिळतो. पण कंट्रोलरचा प्रतिसाद ढिला असणे किंवा पात्र भिंतीत घुसणे यांचा कोणत्याही अटीशी थेट संबंध जोडता येत नाही. मंजुरीत वेळ गेला, म्हणून दुरुस्तीला वेळ उरला नाही, असा अप्रत्यक्ष संबंध मात्र शक्य आहे.

एकाच साक्षीचा एक भाग स्वीकारणे, दुसरा राखून ठेवणे आणि तिसरा नाकारणे हे इतिहासाच्या अभ्यासात चालते. किंबहुना तेच अपेक्षित असते. ‘खरे की खोटे’ एवढ्या दोनच खणांत साक्षी बसत नाहीत.

६. तिसरे कारण : एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात

आता एक असे कारण पाहू ज्याचा दोष कोणा एकाला देता येत नाही.

कार्टून मालिकेतले शहर कॅमेरा जिथे पाहतो तेवढेच असते. चित्रकार एका दृश्यापुरती पार्श्वभूमी रंगवतो. नजर कुठे जाईल, किती वेळ थांबेल, उडणारा नायक कोणत्या कोनातून भव्य दिसेल हे सगळे दिग्दर्शक ठरवतो. मेट्रोपोलिसची भव्यता ही अशी निवडलेल्या कोनांची भव्यता आहे.

त्रिमितीय खेळात ही निवड खेळाडूच्या हाती जाते. तो वाटेल तिकडे वळतो, इमारतीच्या मागे जातो, जमिनीला नाक लावून उडतो. शहर सगळीकडून, सगळ्या कोनांतून अस्तित्वात असावे लागते. सपाट रंग आणि मोजक्या रेषा कार्टूनमध्ये नेटक्या दिसतात, कारण त्यांच्यामागे रेखाटनाची ठाम बाह्यरेषा असते. त्याच गोष्टी मोजक्या बहुभुजांनी बनवलेल्या त्रिमितीय ठोकळ्यावर आल्या की रेषा हरवते आणि उरतो तो नुसता सपाटपणा.

याला सुपरमॅनच्या शक्तीची जुनी अडचण जोडून पाहा. गाडी चालवणाऱ्या किंवा जमिनीवर धावणाऱ्या नायकाला रस्ते आणि भिंती आपोआप अडवतात. उडणाऱ्या नायकाला काहीच अडवत नाही. तेव्हा त्याला कामाला लावायचे कसे? टायटसने उत्तर दिले: वलये मांडून. शक्तींना लगाम कसा घालायचा? उत्तर: त्या गोळा करायला लावून. दोन्ही उत्तरे समजण्यासारखी आहेत. पण त्यांचा एकत्र परिणाम असा झाला की सुपरमॅन होण्याचे वचन देऊन विकलेल्या खेळात खेळाडूला सुपरमॅन होताच आले नाही. मालिकेत तो संकटाकडे झेपावतो. खेळात तो रांगेत लावलेल्या वलयांमागे घड्याळाकडे पाहत धावतो.

७. तुलनेची कसोटी

एखादे कारण खरे आहे की नाही हे तपासण्यासाठी इतिहासकार तुलना वापरतो. एक घटक समान ठेवायचा, बाकीचे बदलले की काय होते ते पाहायचे. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले, ‘पायलटविंग्ज ६४’. १९९६ मधला, निन्टेन्डो ६४ सोबतच आलेला हा खेळ. यातही उडायचे असते आणि हवेतल्या वलयांमधून जायचे असते. त्याचे कौतुक झाले. म्हणजे ‘वलयांमुळे खेळ वाईट झाला’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण टिकत नाही. तिथे उड्डाणाचा अनुभव हाच खेळाचा विषय आहे, वारा आणि वजन यांचा ताबा हातात जाणवतो आणि वलय हे कौशल्याची परीक्षा घेते. ‘सुपरमॅन ६४’मध्ये ताबाच हाती येत नाही, त्यामुळे तेच वलय शिक्षा वाटते.

दुसरे, ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅटमॅन अँड रॉबिन’. आपण वर पाहिलेल्या बॅटमॅन मालिकेवर कोनामी या जपानी कंपनीने १९९४ मध्ये सुपर निन्टेन्डोसाठी काढलेला हा खेळ. चित्रशैली तीच घराण्याची आणि मूळ हक्कधारकही तेच. तरी खेळ नावाजला गेला. मग परवाना हे एकमेव कारण कसे असेल? पण एक मोठा फरक लक्षात घ्या: हा खेळ द्विमितीय होता. मालिकेतला अंधार, छाया आणि बाह्यरेषा सपाट पडद्यावर जशाच्या तशा आणता आल्या. म्हणजे माध्यमांतराचे आपले तिसरे कारण इथे अधिक बळकट होते.

तिसरे, ‘डकटेल्स’. ही डिस्नेची कार्टून मालिका आपल्याकडे दूरदर्शनवर हिंदीत दाखवली गेली. तुमच्या घरातल्या मोठ्यांना तिचे शीर्षकगीत अजून आठवत असेल. तिच्यावर कॅपकॉम कंपनीने १९८९ मध्ये काढलेला खेळ आजही आदराने आठवला जातो. त्यात स्क्रूज आपल्या काठीवर उभा राहून उड्या मारत जातो. निर्मात्यांनी नायकाच्या हातातली ओळखीची वस्तू घेतली आणि तिच्यातून खेळण्याची नवी क्रिया घडवली. कार्टूनवरचा खेळ म्हणजे वाईटच असणार, हा समज या उदाहरणापुढे उभा राहत नाही.

तीनही तुलना एकत्र ठेवल्या की चित्र असे दिसते: यंत्र, परवाना किंवा वलये यांपैकी कोणताही एक घटक एकटा खेळ बुडवत नाही. उडणाऱ्या, अजिंक्य नायकासाठी मोकळे त्रिमितीय शहर, ते तोकड्या स्मृतीत, दुसऱ्याच्या मंजुरीवर अवलंबून आणि एकदा विकल्यावर न दुरुस्त होणाऱ्या कार्ट्रिजवर, या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या. अंमलबजावणीची जबाबदारी टायटसचीच राहते. पण पेलता येणार नाही असा भार तिने कसा उचलला, हे आता समजते.

८. निकाल कोणाचा?

आणखी एक गोष्ट बदनामीच्या कथेत सहसा सांगितली जात नाही. समीक्षकांनी झोडपूनही खेळ सुरुवातीला चांगला खपला. हे कसे?

तेव्हा अमेरिकेत निन्टेन्डो ६४ चा खेळ साधारण ५० ते ६० डॉलरला पडे. तो विकत घेणारे बहुतेक वेळा पालक असत आणि खेळणारी मुले. दुकानात उभ्या असलेल्या पालकासमोर खोक्यावरचा सुपरमॅन असे, समीक्षकाचे गुण नसत. परवान्याची किंमत नेमकी इथे वसूल होते: ओळखीचे नाव खेळाच्या दर्जाआधी विकले जाते. फसले ते मूल. वाढदिवसाला मिळालेला एकच खेळ, आणि पुढचा मिळेपर्यंत महिने. या खेळाबद्दलचा राग आजही इतका वैयक्तिक का, याचे एक उत्तर इथे मिळते.

२००० नंतर हीच मुले मोठी झाली आणि जुन्या खेळांची टिंगल करणारे व्हिडिओ लोकप्रिय झाले. ‘सर्वांत वाईट’ ही पदवी त्या काळात पक्की झाली. भारतातल्या बहुतेकांना हा खेळ भेटतो तो याच दुसऱ्या लाटेतून. म्हणजे आपल्या हाती येते ती खेळाची स्मृती, आणि तीही दुसऱ्याची.

अशी स्मृती किती फसवू शकते याचे प्रसिद्ध उदाहरण अटारीच्या ‘ई.टी.’ या खेळाचे आहे. चित्रपटावरचा हा खेळ १९८२ मध्ये जेमतेम पाच आठवड्यांत तयार करून घेण्यात आला आणि आपटला. न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला गेला. पुढे दंतकथा अशी झाली की तो खड्डा ‘ई.टी.’चीच कबर आहे. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झाले तेव्हा ‘ई.टी.’ सापडलाच, पण त्याच्याबरोबर अटारीचे इतर अनेक खेळ निघाले. त्यांत चांगले गाजलेलेही होते. पुरले होते एका कंपनीच्या कोसळण्याचे अवशेष. स्मृतीने त्यांवर एकाच खेळाचे नाव कोरले. पुराव्यासाठी खणावे लागते, हे इथे अक्षरशः खरे ठरले.

९. फसलेल्या वस्तू का जपायच्या?

‘सुपरमॅन ६४’ची प्लेस्टेशनसाठी वेगळी आवृत्ती तयार होत होती. ती विक्रीला आलीच नाही. टायटस कंपनीही २००४-०५ च्या सुमारास दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. कंपनी मिटली की आराखडे, पत्रव्यवहार, मंजुरीची कागदपत्रे, अर्धवट राहिलेले काम हे सगळे विखुरते. संग्रहालये आधी यशस्वी वस्तू जपतात, ते स्वाभाविक आहे. पण मर्यादा, दबाव आणि तडजोडी यांच्या खुणा फसलेल्या वस्तूंवर जास्त ठळक असतात. यशस्वी वस्तूत खांब भिंतीत दडलेला असतो. फसलेल्या वस्तूत तो उघडा पडतो.

इथे न्यायाचाही एक प्रश्न आहे. वाईट खेळ करायचा म्हणून कोणी वर्ष-दोन वर्षे कामाला बसत नाही. ‘आळशी’, ‘मूर्ख’ असे शेरे मारणे सोपे असते, कारण ते मारायला काही वाचावे लागत नाही. त्या शेऱ्यांमध्ये हक्कधारक, वितरक, यंत्र बनवणारे आणि घाई करणारा बाजार सगळे अदृश्य होतात आणि दोष फक्त शेवटी काम करणाऱ्या हातांवर उरतो. कारणे शोधणे म्हणजे दोष माफ करणे नव्हे. दोष ज्याचा जेवढा त्याला तेवढा देणे, हे कारणे शोधल्याशिवाय होत नाही.

सारांश

१) ‘सुपरमॅन ६४’ हा १९९६ च्या कार्टून मालिकेवर आधारलेला आणि १९९९ मध्ये आलेला निन्टेन्डो ६४ चा खेळ. समीक्षकांनी तो नाकारला, तरी ओळखीच्या नावावर तो सुरुवातीला खपला.
२) तोकडी स्मृती, परवान्याच्या अटी, कार्टूनमधून त्रिमितीत जाण्याची अडचण आणि कच्ची अंमलबजावणी या कारणांच्या जुळणीतून त्याचे अपयश घडले.
३) ‘पायलटविंग्ज ६४’, कोनामीचा बॅटमॅन आणि ‘डकटेल्स’ यांच्याशी तुलना केली की एका कारणावर भार टाकणारी स्पष्टीकरणे गळून पडतात.
४) नंतरच्या मुलाखती आणि लोकप्रिय स्मृती ही उपयोगी साधने आहेत, पण ती प्रत्यक्ष वस्तूशी ताडून पाहावी लागतात.

स्वाध्याय

१) क्रिप्टोनाइटचे धुके हे एकाच वेळी तांत्रिक उपाय आणि कथेचा भाग कसे आहे, ते १०० शब्दांत स्पष्ट करा.
२) टायटसच्या संस्थापकाच्या साक्षीतील कोणता भाग तुम्ही स्वीकाराल, कोणता राखून ठेवाल? कारणे द्या.
३) तुमच्या भाषेतील एखादे पुस्तक, नाटक किंवा मालिका दुसऱ्या माध्यमात नेल्यावर फसली असेल तर तिची निवड करा. या पाठातील तीन कारणे तिला लावून पाहा. कोणते लागू पडते, कोणते पडत नाही?
४) घरातील एका मोठ्या व्यक्तीला तिच्या लहानपणीच्या एखाद्या खेळाबद्दल किंवा खेळण्याबद्दल विचारा. सांगितलेली आठवण लिहून घ्या आणि ती तपासायची असेल तर कोणकोणता पुरावा शोधावा लागेल, याची यादी करा.